ट्रेडमिल कुणाच्या पाठीवर?

घर बदलण्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला टेम्पो फाटकाशी लागतो. भांड्यांची खोकी, गाद्या, कपाट, फ्रीज असे एकेक करत दहापर्यंत घर रिकामे होते आणि हॉलच्या कोपऱ्यात एकटी ट्रेडमिल उरते. ती शेवटी राहते, कारण तिचे काय करायचे हे कुणी ठरवलेलेच नसते. हमाल तिला एकदा हलवून पाहतात, एकमेकांकडे बघतात आणि ठरलेल्या भावाचा विषय पुन्हा निघतो. लिफ्टच्या दारावर ‘सामान नेण्यासाठी वापर करू नये’ अशी पाटी असते. मग रोज व्यायामशाळेत शंभर किलोचा दांडा उचलणारा घरातला तरुण बाह्या सरसावून पुढे येतो. ‘चला, मीही लावतो हात.’ चार मजले उतरायचे असतात. पाठ धरण्याची, बोट चेमटण्याची, जिन्यावर पाय घसरण्याची तयारी इथे पूर्ण झालेली असते.

२०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलूप लागले आणि अनेक घरांत लोखंड आले. कुणी ट्रेडमिल घेतली, कुणी मल्टी-जिम, कुणी नुसतेच डंबेल आणि वजनाच्या थाळ्या. घेताना दुकानदाराची माणसे आली, त्यांनी सुटे भाग वर आणून जोडून दिले आणि पाणी पिऊन गेली. त्यामुळे ती वस्तू अखंड असताना किती जड असते, याचा अनुभव घराला आलाच नाही. तो येतो घर सोडताना. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना तो वारंवार येतो. इमारत पुनर्विकासाला गेलेल्या ज्येष्ठांना साठीनंतर, दोन-तीन वर्षांत दोनदा येतो.

मोटर असलेली घरगुती ट्रेडमिल साधारण ५० ते १०० किलोंची असते. मल्टी-जिममधल्या लोखंडी पाट्यांची थप्पीच ७० किलोंच्या आसपास भरते, सांगाडा वेगळा. फ्रीजही जड असतो, पण तो रिकामा करता येतो आणि त्याला चार सरळ बाजू असतात. ट्रेडमिलला तशी धरायला सोयीची जागाच नाही. मोटर एका टोकाला असल्याने वजन सारखे वाटलेले नसते; वर दिसणारे प्लास्टिकचे झाकण नुसते झाकण असते, त्याला धरून उचलले की ते हातात येते. घडीची ट्रेडमिल तर वाटेत उघडूही शकते. अशा वस्तूपुढे माणूस वाकतो, हात लांब करतो, मिळेल तिथे पकडतो आणि कमरेत पिळवटून वळतो. पाठीला जे जे नको ते सगळे एकाच हालचालीत होते.

पाठीला नक्की काय होते, हे मोजून पाहिलेले आहे. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधल्या गादीत दाब मोजणारा बारीक संवेदक बसवला आणि त्याची मोजमापे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. सरळ उभे असताना जो दाब होता तो एक धरला, तर २० किलो वजन अंगाशी धरल्यावर तो सव्वादोन पट झाला. तेच वजन छातीपासून सुमारे ६० सेंटिमीटर लांब धरल्यावर साडेतीन पटींहून अधिक. गुडघे वाकवून उचलताना जवळपास तेवढाच, साडेतीन पटींच्या थोडा आत. आणि पाठ गोल करून, गुडघे सरळ ठेवून उचलताना साडेचार पटींहून जास्त. माणूस एकच होता, त्यामुळे हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत; पण वजन तेच राहून केवळ अंतर आणि बाक बदलल्याने पाठीवरचा भार दुपटीने बदलतो, हे त्यातून स्वच्छ दिसते.

कारण तरफेचे आहे. हातातले ओझे कमरेच्या मणक्यापासून अर्धा मीटर पुढे असते आणि त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. म्हणजे दहापट. हातात २० किलो असतील तर स्नायूंना २०० किलोंइतका ताण द्यावा लागतो. पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचे वजन त्यात आणखी भर घालते. हा सगळा ताण शेवटी मणक्यांना आणि त्यांमधल्या गाद्यांना एकमेकांवर दाबतो. त्यात वळण्याचा पीळ आला की गादीच्या कडेचे तंतू एका बाजूने ताणले जातात. वजन काट्यावर किती भरते यापेक्षा ते अंगापासून किती लांब आहे, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा असतो.

अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ओझे उचलण्याचे एक गणित वापरते. त्यात सगळी परिस्थिती आदर्श धरली, म्हणजे ओझे अंगाशी, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, वळणे नाही, उचलणे अधूनमधूनच, तर एका माणसासाठी मर्यादा २३ किलोंची येते. परिस्थिती बिघडेल तसतसा हा आकडा खाली जातो. जिना आणि अरुंद जागा तर या गणिताच्या बाहेरच ठेवल्या आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोंची असते आणि ती एकट्याने उचलणारी माणसे रोज दिसतात, म्हणून ५५ हा आकडा फार वाटत नाही. पण दोघांनी मिळून ९० किलोंची ट्रेडमिल जिन्यावरून नेताना वाटणी ४५-४५ होत नाही. जिन्यावर वस्तू कलते आणि खालच्या माणसाकडे वजन सरकते. तो उलटा, पाठमोरा उतरत असतो आणि पुढची पायरी त्याला दिसत नसते.

व्यायाम करणाऱ्या तरुणांचा गैरसमज इथेच होतो. शंभर किलोचा दांडा उचलता येतो हे खरे असते. परंतु तो दांडा मुठीत मावेल एवढा गोल असतो, घसरू नये म्हणून त्याला खरखरीत केलेले असते, दोन्ही बाजूंना सारखे वजन असते, तो नडगीला घासत वर येतो आणि खाली सपाट फरशी असते. सर्वांत महत्त्वाची सवलत म्हणजे जमले नाही तर तो सोडून देता येतो. जिन्याच्या वळणावर, खाली एक माणूस असताना, ट्रेडमिल सोडून देता येत नाही. व्यायामाने स्नायूंना ताकद येते आणि ती उपयोगी पडतेच. पण ओझे वाहून नेण्याचे कसब वेगळे असते आणि ते बाजार समितीच्या धक्क्यावर वीस वर्षे काढलेल्या माणसाकडे असते. तो गोणी डोक्यावर किंवा पाठीवर घेतो, म्हणजे ओझे मणक्याच्या रेषेत येते आणि मघाची दहापटीची तरफ फारशी उरत नाही. मानेवर आणि गुडघ्यांवर त्याची किंमत तो मोजतोच. मात्र गोणी अंगाला बसते, ट्रेडमिल बसत नाही. त्यामुळे त्याचेही कसब इथे अर्धेच चालते, ही गोष्ट भाव ठरवताना लक्षात घेतली जात नाही.

‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हा सल्ला सर्वांना पाठ आहे. तो चुकीचा नाही. वरची मोजमापे तेच सांगतात. पण नुसते योग्य रीतीने उचलण्याचे प्रशिक्षण दिल्याने पाठदुखी कमी होते का, याचा शोध घेणाऱ्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा त्याचा ठोस फायदा दिसला नाही. प्रत्यक्ष कामात माणूस घाईत असतो, जागा अरुंद असते आणि शिकवलेली ढब तिसऱ्या फेरीपर्यंत टिकत नाही. कमरेच्या पट्ट्याचेही तसेच. १९९४ मध्ये ‘नायॉश’नेच सांगितले होते की, निरोगी कामगाराला पट्टा बांधल्याने दुखापत टळते असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. २००० साली दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवरील पाहणीतही पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्यात फरक आढळला नाही. पट्टा बांधल्यावर आपण जास्त उचलू शकतो असे वाटू लागते, हा मात्र धोका आहे. माणसाला शिकवून किंवा बांधून फारसे साधत नसेल, तर ओझेच लहान करावे लागते.

व्यायामाची साधने या बाबतीत कपाटापेक्षा उदार आहेत, कारण ती मुळात सुट्या भागांतून जोडलेली असतात. खोलायला दोन-अडीच तास लागतात आणि ते काम टेम्पो येण्याच्या आदल्या संध्याकाळी करायचे असते. मल्टी-जिममध्ये आधी पाट्या काढाव्यात. निवडीची खीळ लावून थप्पी तशीच ठेवली आणि सांगाडा आडवा केला तर पाट्या दांड्यांवरून सरकतात, आणि त्यांच्या मध्ये बोट असेल तर ते वाचत नाही. वरचे नट सैल करून मार्गदर्शक दांडे बाहेर काढले की पाट्या एकेक करून उचलता येतात. पाच-पाच किलोंच्या पाट्या घरातले कुणीही नेऊ शकते. तारा कप्प्यांवरून कशा फिरतात याचे फोटो आधी घ्यावेत, चारही बाजूंनी. नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागालाच पिशवीत घालून चिकटपट्टीने बांधावेत. सगळे एका डब्यात टाकणारे घर नव्या जागी महिनाभर मल्टी-जिम भिंतीला टेकवून ठेवते.

ट्रेडमिलचे काम जरा नाजूक. प्लग काढावा, सुरक्षा-किल्ली काढून ती घर बदलणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. बहुतेक यंत्रांत समोरचा पडदा आणि दोन्ही उभे खांब सुटतात. खांबातून जाणाऱ्या तारेची जोडणी सोडवताना ओढायची नाही, खटका दाबून सोडवायची. मग उरतो तो धावण्याचा पाट, मोटरसकट. घडीच्या ट्रेडमिलमध्ये पाट वर धरून ठेवणारा गॅसचा दांडा किंवा खटका असतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पाट उभा करून दोन ठिकाणी रुंद पट्ट्याने आवळून बांधावा आणि हा पट्टा नव्या घरात यंत्र आपल्या पायांवर सरळ उभे राहिल्याशिवाय कापू नये. आडव्या पडलेल्या, दाबात असलेल्या ट्रेडमिलचा पट्टा कापला की पाट झटक्याने उघडतो. यंत्राची छोटी चाके घरातल्या सपाट फरशीपुरती असतात. उंबरठा, रस्ता, पायरी यांसाठी ती दिलेली नाहीत. धरायचे ते खालच्या लोखंडी चौकटीला.

वजनाच्या थाळ्यांची चूक उलटी होते. त्या लहान दिसतात म्हणून एकाच खोक्यात सहा भरल्या जातात आणि ६० किलोंचे खोके पुस्तकांच्या खोक्यासारखे दिसते. अनोळखी हमाल त्याला पुस्तकांच्या तयारीने उचलतो. एका लहान खोक्यात २० किलोंपेक्षा जास्त नको, तळाला दुहेरी चिकटपट्टी आणि वर मोठ्या अक्षरांत वजन लिहिलेले. हा एक आकडा लिहिण्याने जेवढ्या पाठी वाचतील तेवढ्या कुठल्याही पट्ट्याने वाचणार नाहीत. टेम्पोत हे लोखंड सर्वांत आधी, तळाशी, चालकाच्या केबिनच्या भिंतीला लागून ठेवतात. मागे सुटे ठेवले तर पहिल्या जोरदार ब्रेकला ते पुढे सरकते आणि वाटेतले सगळे चिरडते. सात फुटी दांडा एकट्याने खांद्यावर घेऊन जिना उतरू नये. मागचे टोक कुणाच्या तोंडाशी फिरते ते पुढच्याला कळत नाही.

उचलण्याऐवजी सरकवता येत असेल तर सरकवावे. जुनी गोधडी किंवा गोणपाट यंत्राखाली घातले की फरशीवरून ते दोघांत सहज जाते आणि फरशीही ओरखडत नाही. गोधडी खाली घालण्यापुरते एक टोक उचलायला पहार आणि लाकडी ठोकळा पुरतो. हमाल हे काम हाताने करत नाहीत, घरमालक करतात. टेम्पोचा पाळा कमरेच्या आसपास असतो. इमारतीला ओटा असेल तर टेम्पो त्याला मागे लावून घ्यावा, म्हणजे शेवटची आणि सर्वांत दमलेल्या वेळची उचल वाचते.

आता लिफ्टची पाटी. सोसायट्यांचा हा नियम का आला हे समजण्यासारखे आहे. आतल्या पत्र्याला ओरखडे पडतात, दार विटेने अडवून ठेवल्याने यंत्रणा बिघडते, रहिवासी खोळंबतात आणि दुरुस्तीचे बिल सगळ्यांच्या माथी येते. पण क्षमतेचे कारण पुढे केले जाते ते बहुतेक वेळा टिकत नाही. भारतीय मानकांत लिफ्टसाठी एका माणसाचे वजन ६८ किलो धरतात. सहा जणांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो आणि आठ जणांच्या लिफ्टची ५४४ किलो असते. ९० किलोंची ट्रेडमिल आणि सोबत दोन माणसे मिळून २३० किलोंच्या आसपास भरतात. सहा रहिवासी पिशव्या घेऊन चढतात तेव्हा लिफ्ट यापेक्षा जास्त वाहते. काळजी घ्यायची ती वजन एका कोपऱ्यात न येऊ देण्याची आणि तळावर प्लायचा तुकडा टाकण्याची. थाळ्यांची खोकी दोन-तीन फेऱ्यांत न्यावीत.

सोसायटीने बंदीऐवजी वेळ ठरवून द्यावी, समजा दुपारी अकरा ते चार. आत लावायला जाड कापडाची आवरणे घ्यावीत. ती एकदाच घ्यावी लागतात. अनामत रक्कम ठेवून घ्यावी, पहारेकऱ्याला दाराशी उभे करावे. घर बदलताना शुल्क घेणाऱ्या सोसायट्यांना तर हे त्या पैशांत सहज करता येईल. पत्र्यावरचा ओरखडा वाचवण्यासाठी शंभर किलोंचे यंत्र चार मजले माणसांच्या हातांवर उतरवायला लावणारा नियम वार्षिक सभेत कुणी मोठ्याने वाचून दाखवला, तर त्याच्या बाजूने हात वर करणे अवघड जाईल. हा विषय सभेत येत नाही, कारण जिना उतरणारी माणसे सभासद नसतात.

त्या माणसांसाठी या राज्याने एकेकाळी देशापुढे जाऊन विचार केला होता. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. मंडळाकडे नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, अशी व्यवस्था त्याने उभी केली. त्याहून आधी, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुखापत होईल एवढे जड ओझे कुणाला उचलायला लावू नये असे कलम होते. मात्र ते कारखान्याच्या आवारापुरते. चौथ्या मजल्यावरून सोफा आणि ट्रेडमिल उतरवणारी माणसे सकाळी नाक्यावरून किंवा ठेकेदाराच्या फोनवरून येतात आणि यांतल्या कुठल्याच आवारात सहसा बसत नाहीत. त्यांच्या पाठीचा हिशेब त्या दिवसापुरता घरमालकाच्या हातात असतो. ठरवतानाच यादीत ट्रेडमिल आणि तिचे वजन सांगणे, दोनऐवजी चार माणसे मागणे, लिफ्टची परवानगी आधी लेखी घेणे एवढे त्याने करावे. ‘थोडंच आहे सामान’ म्हणून बोलावून नंतर कोपऱ्यातली वस्तू दाखवणे ही घासाघीस नसते, फसवणूक असते.

काही गोष्टी वेळेच्या आणि अंगाच्या. रात्री झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकताना जास्त ताण येतो, म्हणून उठल्यापासून पहिल्या तासात वाकून जड उचलू नये. टेम्पो मात्र नेमका त्याच वेळी येतो. तेव्हा कपडे आणि भांड्यांची हलकी खोकी आधी जाऊ द्यावीत, लोखंड नऊनंतर. शेवटालाही ठेवू नये, कारण तोवर सगळे दमलेले असतात.

उचलताना श्वास कोंडण्याची सवय जवळपास सर्वांना असते. १९८५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी वजने उचलणाऱ्या तरुणांच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला, तेव्हा पायांनी जड वजन ढकलताना वरचा आकडा सरासरी ३०० च्या पुढे गेला होता. धडधाकट तरुण हे क्षणभर सोसतात. रक्तदाब ताब्यात नसलेल्या, हृदयविकार असलेल्या, हर्निया असलेल्या किंवा नुकतीच पोटाची, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने एका टोकालाही हात लावू नये. गरोदर स्त्रीनेही नाही. अशा घरात नेमके आजोबाच ‘जरा टेकू देतो’ म्हणून पुढे होतात, तेव्हा त्यांना यादी आणि पेन देऊन खाली टेम्पोपाशी बसवावे. बाकीच्यांनी चपला काढून बंद बूट घालावेत, अंगठ्या काढाव्यात. अंगठी लोखंडात अडकून हात निसटला तर बोटाची कातडी सोलून निघते. जिन्यावर मोजून एकेक पायरी, आणि सूचना एकानेच द्यायच्या. खालच्या माणसाच्याही खाली कुणी नको, मुले तर मुळीच नकोत.

नव्या घरात जागा निवडताना एवढे पाहावे, की राहत्या खोलीची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंच्या भाराच्या हिशेबाने बांधलेली असते. एक ट्रेडमिल आणि तिच्यावर एक माणूस यात काळजीचे नाही. पण रॅक, बाक आणि तीनशे किलो थाळ्या एकाच कोपऱ्यात रचून वर वजने आपटायची असतील, तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे. जुन्या इमारतीत नक्कीच. बाहेर आलेल्या गॅलरीच्या टोकाला काहीच नको. दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण जोरात १,४९० वॅटच्या आसपास वीज घेते आणि सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच पुरतो, म्हणून अर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा स्वतंत्र प्लग लागतो. जोडणी झाल्यावर पट्टा रिकामाच पाच मिनिटे हळू चालवून मध्ये फिरतो का पाहावे, मल्टी-जिमची तार बोटाने पूर्ण चाचपावी. तुटका धागा हाताला लागला तर ती बदलावी.

एवढे करायची तयारी नसेल तर यंत्र विकून टाकणे हाही मार्ग आहे. ट्रेडमिलवर शेवटचे पाऊल कधी पडले हे आठवत नसेल आणि तिच्या दांड्यावर रोज टॉवेल वाळत असेल, तर टॉवेलसाठी हलका स्टँड मिळतो.

इतके करूनही कंबर धरलीच, तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. अचानक आलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत उतरते, आणि त्यात अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा सोसेल तेवढे चालत-फिरत राहणे बरे. मात्र पायात जोर कमी झाला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे. मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. छातीत दाटून आले, घाम फुटला, तर उरलेले सामान तिथेच सोडून १०८ ला फोन करावा.

हमालाची पाठ बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी धरते. तोवर टेम्पो गेलेला असतो, पैसे दिलेले असतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती त्याचीच. त्याने फोन केला तर दवाखान्याचा खर्च द्यायचा, हे आधीच बोलून ठेवता येते. निघताना मुकादमाचे नाव आणि नंबर लिहून घेण्याची पद्धत बहुतेक घरांत आहेच. आजवर तिचा उपयोग हरवलेल्या खोक्यांसाठी झाला आहे.